सहजी न उतरणारं कडं

१९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीचे जंतू एकदम चार-चार औषधांना दाद देईनासे झाले. तिथल्या शास्त्रज्ञांना आढळलं, की ही ताकद एक जंतू दुसऱ्या जंतूला देऊ शकतो. ती वाहून नेतं डीएनएचं एक छोटं कडं, मुख्य गुणसूत्राहून वेगळं. गुणसूत्राबाहेरच्या अशा घटकांना जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्येच ‘प्लाझ्मिड’ हे नाव दिलं होतं.

हे कडं सांभाळणं म्हणजे जंतूला बहुधा ओझंच. मग औषध नसताना तो ते टाकून का देत नाही? ‘आर-१’ नावाच्या प्लाझ्मिडची रीत पाहा.

हे प्लाझ्मिड पेशीत आपल्या मोजक्याच प्रती ठेवतं. नवी प्रत काढायला एक प्रथिन लागतं आणि त्या प्रथिनाला एक इवलासा आरएनए अडवतो. प्रती वाढल्या, की अडवणाराही वाढतो. कमी झाल्या, की अडसर सैल पडतो. मग येते वाटणी. पेशी दुभंगण्यापूर्वी प्रथिनाचा एक दांडा दोन प्रतींच्या मध्ये वाढत जातो आणि त्यांना दोन टोकांना ढकलतो. दोन्ही लेकींच्या पदरात कडं पडतं.

तरीही एखादी लेक रिकाम्या हातानं निघालीच तर? इथं ‘हॉक’ आणि ‘सॉक’ ही जोडी कामाला येते. आम्हा कवींना यमक दिसलं, की थांबावंसं वाटतं. पण हे यमक जीवघेणं आहे. हॉक म्हणजे विष बनवण्याचा निरोप. सॉक तो निरोप दाबून ठेवतो. दोन्ही प्लाझ्मिडवरूनच निघतात. हॉकचा निरोप टिकाऊ, सॉक मात्र लवकर विरतो. कडं हरवलेल्या पेशीत नवा सॉक तयार होत नाही, जुना निरोप जागा होतो आणि पेशी आपल्याच विषानं मरते. डेन्मार्कच्या केन गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही युक्ती उलगडून दाखवली.

म्हणूनच औषध थांबवलं, की जंतू आपोआप पूर्वीसारखे होतील, असं धरून चालता येत नाही. सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतं. प्रतिजैविकानं ते बरं होत नाही. पण त्या गोळ्यांनी आपल्या आतड्यातले साधे जंतू मरतात आणि कडं बाळगणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. तेव्हा डॉक्टरांना न विचारता प्रतिजैविकाची गोळी घेऊ नका, आणि घरात उरलेली शेजाऱ्याला देऊ नका.