हा काढला कोणी?



जीवाश्म म्हणजे दगड झालेला प्राणी किंवा वनस्पती. संग्रहालयात तो काचेआड असतो. आपण लांबून पाहतो आणि पुढे सरकतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस गावच्या जीवाश्म-महोत्सवाची रीत मात्र निराळी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील शास्त्रज्ञ तेथे आपले नमुने घेऊन आले आहेत, मेजावर मांडून लोकांना दाखवीत आले आहेत. एखाद्या पोराने किनाऱ्यावर उचललेला दगड पुढे केला, तर तोही निरखून पाहतात आणि तो काय आहे हे समजावून देतात. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या माझ्यासारख्याला अशी मेजे आणि अशा व्याख्यानमाला हीच शाळा.

पण हा मेळा लाइमलाच का? तेथील कडे सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरील गाळाचे बनलेले आहेत. हिवाळ्यातील वादळांनी ते ढासळतात आणि आतले जीवाश्म उघडे पडतात. वेळेवर उचलले नाहीत, तर त्याच लाटा त्यांचा चुरा करतात. म्हणजे शोधाचा हंगाम तोच दरडी कोसळण्याचा हंगाम.

हे जोखमीचे काम मेरी अ‍ॅनिंगने पोटासाठी केले. तिचा जन्म 1799 चा. बाप सुतार, 1810 साली कर्ज मागे ठेवून वारला. 1811 साली तिच्या भावाला एका प्रचंड प्राण्याची कवटी सापडली. पुढच्या वर्षी मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर. 1823 साली तिला प्लेसिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. 1824 साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत त्यावर निबंध वाचला गेला. त्यात तिचे नाव नव्हते. 1833 साली दरड कोसळून तिचा कुत्रा तिच्यादेखत गेला. ती थोडक्यात वाचली. 1847 साली ती वारली. त्या संस्थेने स्त्रियांना सभासद करून घेतले ते 1919 साली!

आम्हा युनियनवाल्यांना एक खोड असते. वस्तू पाहिली की ती कोणाच्या हातची, हे विचारायचे. मेरीने काढलेले सांगाडे आज लंडनच्या त्याच म्युझियममध्ये तिच्या नावासह पाहावयास मिळतात. 2022 साली लाइममध्ये तिचा पुतळाही उभा राहिला. त्यासाठीची चळवळ सुरू केली ती एका शाळकरी मुलीने, आणि पैसा उभा केला तो लोकांनी.

म्हणून माझे सांगणे इतकेच. असा दगड कोणी तुमच्या हाती दिला, तर दोन प्रश्न विचारा. हा प्राणी कोणता? आणि हा काढला कोणी? पहिल्याचे उत्तर तज्ज्ञ आनंदाने देतील. दुसऱ्याचे मिळेपर्यंत मेजापासून हलू नका.