तिबोटी खंड्या आणि शाळेतील निसर्गाभ्यास



खंड्या म्हणजे पाण्याकाठी बसून मासे टिपणारा पक्षी, असे मुलांना शिकविले जाते. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यात व कोकणच्या दाट रानात पावसाळ्यात दिसणारा तिबोटी खंड्या त्यात बसत नाही. कीटक व कोळी हे त्याचे नित्याचे खाद्य. जोडीला लहान बेडूक, पाली व खेकडे. भक्ष्य फांदीवर आपटून मग तो ते गिळतो.

आकाराने हा पक्षी चिमणीहूनही लहान. पाठ गडद निळी, पोट पिवळे, डोके नारिंगी व त्यावर जांभळी झाक, चोच आणि पाय लाल. बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटे असतात; याला तीनच, म्हणून हा ‘तिबोटी’. भारत व श्रीलंकेपासून सुमात्रा-जावापर्यंतच्या उष्ण वर्षारण्यांत त्याचा संचार आहे.

मृगाच्या पावसाने माती मऊ झाली, की नर-मादी ओढ्याच्या उभ्या काठात आडवे बीळ खोदतात. त्याची लांबी एक मीटरपर्यंत असू शकते. मादी चार-पाच अंडी घालते व दोघेही ती उबवितात. सुमारे १७ दिवसांनी पिले जन्मतात आणि पुढे सुमारे २० दिवसांनी बिळाबाहेर पडतात. बेडूक-किड्यांची रेलचेल याच दिवसांत असते.

नेमक्या याच काळात कोणी काठाची माती खणून नेली, मुलाने बिळात काठी खुपसली, किंवा हौशी छायाचित्रकारांनी बिळासमोर ठाण मांडले, तर चारा आणलेली जोडी बाहेरच ताटकळते आणि आत पिले उपाशी राहतात. म्हणून हा काठ त्या दिवसांपुरता तरी राखला पाहिजे, हे गावाला पटवून देण्याचे काम शिक्षकच उत्तम करू शकेल.

त्यासाठी खर्च नको. शाळेत एक नोंदवही ठेवावी. पक्षी प्रथम दिसल्याचा दिनांक, ठिकाण व चोचीतील भक्ष्य एवढेच मुलांनी लिहावे. निरीक्षण बिळापासून दूर, झाडाआडून व थोडा वेळच करावे. काही वर्षांच्या नोंदी शेजारी मांडल्या, की पाऊस व पक्ष्याचे आगमन यांचा संबंध मुले स्वतःच शोधू लागतील. व्याख्या पाठ करणारे मूल ती पडताळून पाहू लागले, म्हणजे विज्ञानाच्या शिक्षणाला खरा आरंभ झाला असे समजावे.