शेकरूच्या रानात

भीमाशंकरला दर्शन झालं की बहुतेक जण लगेच परतीची गाडी धरतात. थोडं थांबा, झाडांच्या शेंड्यांकडे पाहा. १९८५ साली अभयारण्य झालेल्या या रानात आपला राज्यप्राणी राहतो, शेकरू. तांबूस पाठ, फिकट पोट, लांब झुपकेदार शेपूट. ही मोठी खार जमिनीवर क्वचितच उतरते. झाडावरून झाडावर वीसेक फुटांची झेप घेते. म्हणून तिला फांदीला फांदी भिडलेलं जंगलच लागतं. मधली झाडं तोडली, की तिची वाटच तुटते. काटक्या-पानांची गोल घरटी ती एकाहून अधिक बांधते. हे रान पाहायला पायी यायचं तर खांडस गावाहून गणेश घाटाची वाट सोपी. शिडी घाट अवघड, पावसाळ्यात तो टाळाच. शेकरू सकाळी जास्त दिसतं, तेव्हा लवकर निघा.