घरचा कंदील, घरचा खाऊ

डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. पुढे ठाण्यात, कल्याणातही अशा यात्रा निघू लागल्या. रस्त्यावर प्रकटणारा हा संस्कार रुजतो मात्र घरात. पहाटेची लोकल गाठणाऱ्या तरुण आईवडिलांना वेळ नसतो. म्हणून कंदील आणि फराळ, दोन्ही विकत येतात. सुट्टीचा एक तास काढावा. मुलांनी बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधून त्यांवर पतंगी कागद खळीने चिकटवावा. तोवर आईवडिलांनी मिळून पातळ पोहे मंद आचेवर भाजून मिरची, कढीपत्ता, दाणे, डाळ्यांच्या फोडणीत परतावेत. कंदील किंचित वाकडा होईल. मुले तोच अभिमानाने शेजाऱ्यांना दाखवतील. कुटुंब एकत्र बसले, तरच समाज एकत्र उभा राहतो. येत्या दिवाळीत प्रत्येक घराने एवढा संकल्प करावा.