तिजोरी : चोरासाठी की आगीसाठी?

मिरजगावच्या बाजारात कपाट घेताना आपण ते ठोकून पाहतो, "पत्रा जाड आहे ना?" म्हणून विचारतो. पण जाड पत्रा चोराला अडवील, आगीला नव्हे. लोखंड तापले, की आतले कागद करपतातच.

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली, फायलींची राख झाली. मग आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टराची काय कथा? कित्येकांच्या जन्मतारखेचा पुरावा तेवढाच असतो.

अग्निरोधक तिजोरीच्या दुहेरी भिंतीत पाणी धरून ठेवणारा मसाला भरतात. तापला, की त्याची वाफ होते आणि आतला भाग उशिरा तापतो. कागदासाठी आतली उष्णता सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या आत राहिली तरी चालते. हार्डडिस्क, पेनड्राइव्हसाठी मात्र ५२ अंशांची मर्यादा धरतात. शिवाय त्यांना वाफही बाधते. म्हणून त्यांची पेटी वेगळी.

तेव्हा रंग पाहू नका; तिजोरी किती वेळ आणि कशासाठी तपासली, ते दाखल्यावर वाचा. आग विझली तरी ती पुरती निवेपर्यंत उघडू नका. हवा शिरताच तापलेला कागद पेटतो. आणि तिजोरी परवडत नसेल, तर रजिस्टराची नक्कल दुसऱ्या गावी ठेवा. एक आग दोन गावे जाळीत नाही!