शिळ्या उसातील साखरेचा हिशेब



सातारा जिल्ह्यातले रेठरे बुद्रुक असो की सांगली जिल्ह्यातले साखराळे, हंगामात कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या खोळंबतात हे आपण पाहतोच. तोडलेला ऊस वाळून वजन घटते, हे शेतकऱ्यास ठाऊक असते. पण आतली साखरही कमी होत असते, आणि दर तर साखर उताऱ्याशी बांधलेला! ही चोरी कोण करतो? उसातलेच एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचे नाव इन्व्हर्टेज. ते सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या साखरेच्या, एका रेणूचे दोन भाग करते : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. यांचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जातात. (उभ्या उसाला वाढीसाठी हेच विकर लागते, तेव्हा त्यास चोर म्हणणे थोडे अन्यायाचेच.)

या विकराचा वेग 1913 साली बर्लिनमध्ये लिओनोर मिकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी पोलॅरिमीटरने मोजला. मेंटेन या कॅनडाच्या डॉक्टर बाई. मुलींनी हे नाव वहीत लिहून ठेवावे. सुक्रोज ध्रुवित प्रकाशास उजवीकडे वळवते, फोड झालेले मिश्रण डावीकडे. पण शिळ्या रसात जिवाणू डेक्स्ट्रान तयार करतात. तेही उजवीकडेच वळवते, आणि साखर आहे त्याहून जास्त दिसते.

येथे द्रव-वर्णलेखन उपयोगी पडते. रसातील विकर ठरावीक तापमानास साखरेच्या द्रावणात मिसळावे. दर 5 मिनिटांनी थोडे द्रावण काढून लगेच उकळावे, म्हणजे विकर निकामी होते. गाळलेला नमुना पंपाच्या दाबाने बारीक कण भरलेल्या नळीतून सोडतात. अमिनो प्रकारच्या नळीतून आधी फ्रुक्टोज, मग ग्लुकोज, शेवटी सुक्रोज बाहेर पडते, आणि आलेखावर प्रत्येकाचे वेगळे शिखर उमटते. शिखराचे क्षेत्रफळ माहीत प्रमाणाच्या ग्लुकोजशी ताडून पाहावे. 10 मिनिटांत 30 मायक्रोमोल ग्लुकोज वाढले, तर विकराची क्रियाशीलता 3 एकके. रसात ग्लुकोज मुळातच असते. म्हणून आधीच उकळलेल्या रसाचा नमुना शेजारी हवाच, नाहीतर आकडा फसवतो.

इन्व्हर्टेजच्या कामात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सारखेच वाढतात. डेक्स्ट्रान करणारे जिवाणू मात्र ग्लुकोज वापरून टाकतात आणि फ्रुक्टोज मागे ठेवतात. फ्रुक्टोजचे प्रमाण फार पुढे गेले, तर तोडणी व गाळप यांतले तास कमी करण्याबरोबरच गिरणीची धुलाईही पाहावी लागते.