कायदा दिल्लीत झाला, दावा पाड्यात ठरतो
(वनहक्क शिबिरातलं भाषण, 2008)



सरकार म्हणजे एकच माणूस नव्हे. कायदा करणारे वेगळे, नियम लिहिणारे वेगळे, आणि आपल्या शेतात येऊन दम देणारे वेगळे. कुणाचा अधिकार कुठवर, हे कळलं की निम्मी भीती जाते.

3 मे 2002 आठवा. केंद्राच्या वनखात्यातून एक पत्र निघालं, अतिक्रमणं हटवा. संसदेत चर्चा नाही, नवा कायदा नाही. नुसत्या पत्रावर झोपड्या पाडल्या, पिकं तुडवली. त्याविरुद्ध देशभर आदिवासी रस्त्यावर आला, तेव्हा डिसेंबर 2006 मध्ये संसदेनं वनहक्क कायदा केला. तरी तो लागू झाला 31 डिसेंबर 2007 ला, नियम आले 1 जानेवारीला. वर्षभर कायदा कागदावरच. म्हणून सांगतो, कायदा झाला म्हणजे काम झालं असं नाही.

आता पायऱ्या नीट ऐका.

पहिली, ग्रामसभा. दावा सुरू करण्याचा अधिकार तिचा, रेंजरचा नाही. पेसा कायद्यानं पाड्यालाही गाव मानलंय, तेव्हा सभा पाड्याची मागा. मूळ 2008 च्या नियमांत दोन तृतीयांश माणसांची हजेरी सांगितली होती. वनहक्क समितीत 10 ते 15 जण, त्यात एक तृतीयांश तरी बाया.

दुसरी, प्रांताची समिती. तिसरी, कलेक्टरची. दोन्हींत सहा-सहा जण, त्यात तीन-तीन आपण निवडून दिलेले. ते बैठकीला जातात का, तिथं तोंड उघडतात का, हे विचारा. मतं मागायला येतात तेव्हा तर विचाराच.

पुरावा म्हणजे फक्त सातबारा नव्हे. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शेताचा बांध, जुनं घर, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब, सगळं चालतं. एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. दंडाच्या पावत्या ज्यांनी जपून ठेवल्या, त्यांनी त्याही लावा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दिसला पाहिजे.

दावा दिला की पोच घ्या. पोच नाही तर दावा नाही. ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर 60 दिवसांत प्रांताच्या समितीकडे जा. तुमचं म्हणणं न ऐकता तुमच्याविरुद्ध निकाल देता येत नाही.

आणि दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कुणालाही जमिनीवरून हटवता येत नाही. कलम 4, पोटकलम 5. गार्ड आला तर हे सांगा, लेखी आदेश मागा, सगळ्यांनी मिळून उभं राहा. एकट्यानं कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही.

जिंदाबाद!